बदलाचा गट की पाळकांची सोबत?

श्रद्धा सोडवत नाही आणि समलिंगी आकर्षण जात नाही, अशा पेचातील ख्रिस्ती माणसापुढे सांगली-मिरजेत मला तरी दोनच वाटा दिसल्या. उपास-प्रार्थनेतून ‘बदल’ घडवू पाहणारा गट ही एक, आणि तसे कोणतेही आश्वासन न देणाऱ्या पाळकांची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंची, सोबत ही दुसरी. पहिलीत मी दीड वर्ष काढले; दुसरीत आता सात वर्षे होतील. अशा नात्यांना पूर्ण मान्यता देणारे ख्रिस्ती गटही आहेत, परंतु त्यांचा अनुभव नसल्याने त्यांच्याविषयी लिहीत नाही.

गटाविषयी वाईट बोलणे मला जड जाते. घरी कुणाशी बोलण्याची सोय नव्हती त्या काळात दर शनिवारी पाच-सहा माणसे माझ्यासाठी गुडघे टेकत होती. ज्याला शिस्तीचा आधार लागतो, त्याला तो तेथे मिळतो.

मला नडली ती एक वही. रोज रात्री मोहाला दहापैकी गुण द्यायचे आणि शनिवारी ती वही पुढे करायची, मग गटप्रमुख पाने चाळत, ताप उतरला का असे विचारावे तसे, “किती फरक?” असे विचारत. पहिले दोन महिने मी खरे आकडे लिहिले आणि दर वेळी माझ्या वाट्याला आणखी एक उपास आला. पुढे मी शनिवारी दुपारी मिरज स्टॅंडवर बसून सहा दिवसांचे आकडे एकदम भरू लागलो, तेही दोन वेगवेगळ्या पेनांनी, म्हणजे शाई रोजची वाटावी. आठाचे पाच झाले, पाचाचे तीन झाले, आणि नाताळाच्या सभेत मला माझ्यातल्या बदलाची साक्ष द्यायला उभे केले. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा मी वेदीसमोर उभा राहून मोडली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दोष माझ्याच विश्वासात असावा, असे मला बरीच वर्षे वाटत असे. अमेरिकेत 1976 मध्ये सुरू झालेली एक्सोडस इंटरनॅशनल ही याच मार्गावरची मोठी संस्था होती. आपल्याला भेटलेल्या बहुतेकांचे आकर्षण बदललेले नाही, अशी कबुली तिचे अध्यक्ष ॲलन चेंबर्स यांनी दिली आणि 2013 मध्ये माफी मागून ती बंद केली, हे वाचले तेव्हा ते ओझे थोडे हलके झाले.

दोन्हीकडे बायबलमधला, प्रेषित पौलाच्या देहातील काट्याचाच उतारा वाचला जातो. गटात भर असे तो काटा काढावा म्हणून त्याने प्रभूला केलेल्या तीन विनवण्यांवर, म्हणजे आपली विनवणी अजून कमी पडते आहे. पाळकसाहेब मात्र त्यापुढच्या “माझी कृपा तुला पुरे आहे” या उत्तरापाशी थांबतात. पहिल्या भेटीत त्यांनी मला घरी स्वयंपाक कोण करते एवढेच विचारले, कारण आई जाऊन तेव्हा महिनाच झाला होता. त्यांची शिकवण जुन्या वळणाचीच आहे आणि त्यावरून आमचे खटके उडतात. परंतु ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्यात मांडलेल्या ‘देवाचा दरबार’ या भक्तमंडळात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती, हेही तेच मला पुनःपुन्हा ऐकवतात.

आपण गटाकडे झुकत असाल तर लग्नाला तेथे बरे झाल्याचा पुरावा मानतात का, हे आधी विचारून घ्यावे. त्या पुराव्याची किंमत एखादी मुलगी मोजते. औषधे किंवा विजेचे झटके कुणी सुचवल्यास सरळ नकार द्यावा, कारण राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये असे ‘उपचार’ करणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. प्रार्थनागटांना मात्र तो नियम लागू होत नाही.

पाळकांच्या सोबतीची उणीव एवढीच की ती एका माणसावर उभी असते. येत्या मे महिन्यात आमच्या पाळकसाहेबांची बदली आहे आणि नव्यांना सगळे पहिल्यापासून सांगावे लागणार, याची मला आतापासूनच धास्ती वाटते. तरीही ती वही पुन्हा उघडावी, असे एकदाही मनात आलेले नाही.