परसातला लाकडी पर्गोला: पूर्ण पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गुहागरला घरामागे, दर्याच्या अगदी जवळ, शिमग्याच्या आधी लाकडी पर्गोला (म्हणजे खांबांवर नुसते उघडे वासे असलेला मांडव) उभा केला, अख्खा पावसाळा त्याने काढला आणि आता दिवाळीही झाली, म्हणून सविस्तर लिहितोय. नेटवरचे व्हिडिओ बहुतेक कोरड्या हवेतले असतात, आपल्याकडे चार महिन्यांत 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि बाकी वर्षभर खारा वारा, त्यामुळे इथला हिशोबच वेगळा.

माप 12 बाय 10 फूट, उंची 8. खांब 5 इंची चौकोनी, जुन्या घराच्या सागाच्या तुळयांतून काढलेले. जुनी घरं उतरवतात तेव्हा असं लाकूड विकायला निघतं, वर्षानुवर्षं वाळलेला पक्का गाभा असतो, नंतर पीळ खात नाही. वरचे वासे किंजळाच्या लाकडाचे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खांब जमिनीत पुरू नका, अजिबात नका! लाकूड कुजतं ते बुडाशीच, कारण कापलेलं टोक पाणी वर ओढून घेतं. आम्ही जांभ्याच्या चिऱ्याचे छोटे चौथरे बांधून त्यात स्टीलच्या बैठका बसवल्या आणि खांब चार बोटं वर ठेवले, पाऊस थांबला की खालून वारा लागून बूड सुकतं. बुडाला आणि वाशांच्या टोकांना काजूच्या टरफलाचं तेल दिलंय, आपल्याकडे होड्यांना लावतात तेच, वाळवी अजून फिरकलेली नाही. हे तेल कातडी भाजतं, हातमोजे घालूनच लावा. अळशीचं तेल फक्त दोन वाशांवर लावून बघितलं होतं, श्रावणापर्यंत त्यावर काळी बुरशी आली.

सांधे सुतारकाकांनी कुसू (लाकडाच्या टोकाला कोरलेली जीभ) पाडून खाचेत बसवलेत, आरपार लाकडी खुंटी. चारही कोपऱ्यांना तिरके आधार आहेत आणि खरी ताकद त्यांचीच, जुलैच्या वादळी वाऱ्यात हात लावून बघितलं, जरासुद्धा डुलत नव्हता. नटबोल्ट थोडेच आहेत पण ते 316 ग्रेडचे स्टेनलेस घ्या, महाग पडतात, तरी किनाऱ्यावर नेहमीच्या 304 ग्रेडच्या स्टेनलेसवरसुद्धा तांबूस डाग येतात.

वर पत्रा घाला असं बरेच जण म्हणाले. नाही घातला. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात दापोली-श्रीवर्धन भागात पत्र्यांचं काय झालं ते सगळ्यांना माहितीय, मोकळ्या वाशांतून वारा निघून जातो. उन्हाळ्यात सावलीला पूर्वीसारख्या झावळ्या टाकायच्या आणि पाऊस यायच्या आधी काढायच्या.

जाईचा वेल सोडलाय पण लाकडावर नाही, थोड्या अंतरावर तार ताणून तिच्यावर, नाहीतर पानांखाली लाकूड कायम ओलं राहतं. खांबांना बारीक उभ्या चिरा पडल्यात, त्याने मजबुतीला काही होत नाही, घाबरून पुट्टी भरू नका, पाणी आत अडकतं.

करायचा असेल तर दिवाळी ते शिमगा या काळातच करून घ्या, एकदा आगोटीची (पावसाआधीच्या तयारीची) कामं सुरू झाली की चांगला सुतार मिळत नाही.