डबा जर्मनीचा, स्प्रिंग माझ्याच गाडीची

नागपूरजवळच्या वाडीतल्या गॅरेजमध्ये गाडी जॅकवर चढली, मागचं उजवं चाक लटकलं, आणि तिथल्या मेकॅनिक काकांनी सहज स्प्रिंगला हात लावला. ती गोल फिरली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फिरवली. चाक पूर्ण खाली लटकलेलं असतानाही स्प्रिंग वरच्या आणि खालच्या बैठकीत घट्ट दाबून बसलेली असायला हवी. मोकळी फिरते म्हणजे एखाद्या मोठ्या खड्ड्यात चाक खाली गेलं की ती जागेवरून निसटू शकते. याच स्प्रिंगांवर आदल्या रविवारी मी समृद्धीवरून, येळाकेळीहून शिवमडक्यापर्यंत, १२०च्या वेगाने आलो होतो. मागच्या सीटवर आई आणि माझा मुलगा होता. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

गाडी २०१८ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, सेकंडहँड घेतलेली. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० हॉर्सपॉवर. या गाडीवर माझा फार जीव आहे. साध्या ऑक्टाव्हियापेक्षा ती मुळातच जराशी खाली बसते, तरी टायर आणि मडगार्डमधली फट मला खटकायची, आणि वळणावर गाडी थोडी आणखी घट्ट बसावी असंही वाटायचं. पण राहायला मी बेसा भागात. आपल्याकडे सिमेंट रस्ते झाले ते उंच आणि गल्ल्या राहिल्या खाली, त्यामुळे घरात शिरताना दरवेळी एक पायरी उतरावी लागते. गतिरोधक तर ज्याने त्याने आपल्या मनाच्या मापाने घातलेले. ठरावीक उंचीने गाडी खाली नेणाऱ्या साध्या स्प्रिंगा बसवल्या आणि पोट घासायला लागलं, तर त्या परत काढण्यावाचून इलाज नाही. पूर्ण कॉइलओव्हर किट, म्हणजे शॉकअपसकट उंची बदलता येणारा सेट, महाग, आणि माझे शॉकअप चांगले होते. म्हणून मधला मार्ग निवडला: उंची कमी-जास्त करता येणाऱ्या स्प्रिंगा. यात कंपनीचे शॉकअप तेच राहतात. पुढे शॉकअपवर आटे पाडलेली नळी चढते. मागे या गाडीची स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी असते, तिच्याखाली आट्यांची बैठक येते. पान्ह्याने त्या आट्यांवरची कॉलर (कडी) फिरवली की गाडी काही मिलिमीटर वर किंवा खाली. केडब्ल्यू, एच अँड आर या जर्मन कंपन्या असे किट बनवतात, आणि या निवडीत चूक काहीच नव्हती. चूक पुढे झाली.

दोन ठिकाणी विचारलं, दोन्हीकडे मागवून देण्याचा भाव लाखाच्या वर. मग ओळखीच्या एकाने शहरातलं एक मॉडिफिकेशनचं दुकान सुचवलं. तिथल्या मालकाने बासष्ट हजार सांगितले, फिटिंगसकट. "दुबईहून लॉट आला भाऊ, दोनच सेट राहिले. कालच एकजण विचारून गेला." चाळीस हजार ॲडव्हान्स मी तिथेच यूपीआयने दिले. खात्यावरचं नाव दुकानाचं नव्हतं, कुण्या तिसऱ्याच माणसाचं होतं. विचारलं तर म्हणाला, "जीएसटीचं झंझट आहे, भावाचं खातं आहे." मी मान डोलावली.

आठवड्याने बोलावून त्याने डबा दाखवला. नामांकित कंपनीचा छापील डबा, होलोग्राम, आत प्लास्टिकमध्ये जर्मन भाषेतल्या प्रमाणपत्राची प्रत. वरची दोन पुढच्या स्प्रिंगांची पुडकी मी पाहिली, आट्यांच्या नळ्या चकाकत होत्या. खालची दोन पुडकी त्याने उघडली नाहीत, मीही म्हटलं नाही. "पोरं रात्री काम करतात, गाडी ठेवून जा, उद्या संध्याकाळी या." दुसऱ्या दिवशी गाडी देखणी दिसत होती, खोटं कशाला सांगू. डिकीत वर्तमानपत्रात गुंडाळून चिकटपट्टी मारलेल्या जुन्या स्प्रिंगा होत्या. त्या तशाच घरी माळ्यावर गेल्या.

पंधरा दिवसांत मागून ठक-ठक सुरू झालं. मनीष नगरच्या पुलावर सांध्यावरून गेलं की मागचा भाग आपटायचा, जणू खाली स्प्रिंग नाहीच, थेट रबरावर बसतो आहे. प्रत्यक्षात तेच होत होतं. गाडी उजवीकडे किंचित कलली. फोन केला तर उत्तर तयार: "स्प्रिंग सेट होऊन राहिली भाऊ. हजार किलोमीटर चालवा, आपोआप बसते." यात थोडं खरं असतं म्हणूनच माणूस फसतो. नवी स्प्रिंग सुरुवातीला काही मिलिमीटर बसते. पण दोन्ही बाजूंना सारखी बसते आणि आवाज करत बसत नाही.

वाडीला ट्रकवाल्यांची वस्ती आहे. तिथे कमानपाट्यांचं काम करणारे हे काका, वय सत्तरीच्या आसपास. माझ्या कारची कंपनी कोणती हेही त्यांनी विचारलं नाही. स्प्रिंग बाहेर काढली, व्हर्नियर लावला, तारेची जाडी पाहिली. मग ब्लेडने वरचा काळा रंग खरवडला. टोकाशी निळसर-तपकिरी डाग निघाला आणि तोंड ओबडधोबड. "हे कापलेली आहे बापा, गॅस कटरनं. वरून रंग मारला. कोणी दिली तुम्हाला?"

मग त्यांनी जे समजावलं ते मी घरी येऊन हिशोब करून पाहिलं, आणि ते तंतोतंत आहे. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर वाढतो. तार १२ मिलिमीटरची १३ केली तर बाकी सगळं तेच ठेवून स्प्रिंग साधारण ३८ टक्के कडक होते. वेढा कापल्याने मात्र तेवढं काही होत नाही. आठ कामाच्या वेढ्यांतला एक कापला तर जेमतेम १४ टक्के कडकपणा वाढतो, पण उंची मात्र भरपूर जाते. म्हणजे गाडी खाली येते, वजन पेलायची ताकद त्या मानाने वाढत नाही, आणि प्रत्येक खड्ड्याला ती बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरावर, आदळते. शिवाय कारखान्यात स्प्रिंगचं टोक बैठकीच्या रबरात बसेल असं घडवलेलं असतं. कापलेलं टोक त्या रबरात रुततं. आणि गॅसची आच लागली की तिथल्या पोलादाचं पाणी उतरतं. पोलाद तापवून, विझवून, पुन्हा बेताने तापवून स्प्रिंगला ताकद दिलेली असते, ती तेवढ्या भागातून निघून जाते. तडा तिथूनच सुरू होऊ शकतो.

पण खरा धक्का पुढे होता. काळा रंग आणखी खरवडल्यावर मधल्या वेढ्यावर रंगाच्या खुणा दिसल्या, एक पिवळा पट्टा आणि एक जांभळा. गाडी विकत घेताना मी तिच्या पोटाखालचे सगळे फोटो काढून ठेवले होते. फोनमध्ये शोधले. मागच्या दोन्ही स्प्रिंगांवर तेच पट्टे, तोच क्रम. त्याने माझ्याच गाडीच्या स्प्रिंगा काढल्या, वेढा कापला, काळ्या रंगवल्या आणि मलाच विकल्या. खालच्या त्या दोन पुडक्यांत लेथवर केलेल्या बैठकांशिवाय काहीच नसणार. पुढच्या स्प्रिंगा नव्या होत्या खऱ्या, पण कुठल्या तरी हलक्या गाडीच्या. एका नळीवरची कॉलर जागेवरून आठ मिलिमीटर सरकली होती. ॲल्युमिनियमचे आटे पहिल्याच महिन्यात झिजले होते.

प्रमाणपत्र मी तेव्हा कुठे नीट वाचलं. जर्मन यायची गरजच नव्हती. त्यावर पार्ट नंबर असतो, गाडीचा प्रकार असतो आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलवर चालणाऱ्या वजनाचे आकडे असतात. कागदावरचा नंबर डब्यावरच्या नंबराशी जुळत नव्हता, आणि स्प्रिंगांवर तर नंबरच नव्हता. या कंपन्यांच्या स्प्रिंगवर तो छापलेला असतो, पुढची कुठली आणि मागची कुठली हे त्यावरून कळतं. डिझेल इंजिन जड, पेट्रोल हलकं, म्हणून एकाच मॉडेलला वेगवेगळ्या ॲक्सल वजनाचे वेगवेगळे किट येतात. तुमच्या गाडीचा आकडा दाराच्या खांबावरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर मिळतो. कागद, डबा आणि स्प्रिंग यांवरचे तीन नंबर जुळवायला पाच मिनिटं लागतात. चारही स्प्रिंगा डब्यातून बाहेर काढून घ्या, नंबरांचे फोटो काढा, फिटिंग होईपर्यंत समोर खुर्ची टाकून बसा. रात्री काम करतो म्हणणाऱ्याकडे गाडी सोडू नका. उंची मोजताना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा, आधी आणि नंतर, चारही चाकांना. जमिनीपासून मोजलं तर टायरमधल्या हवेने माप बदलतं. उंची बदलली की अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत, दोन्ही पुन्हा लावावे लागतात. माझं यातलं काहीच केलेलं नव्हतं, आणि मागचे टायर आतल्या कडेने खाल्ले गेले ते वेगळंच.

दुकानात गेलो तेव्हा तो आधी हसला, मग चिडला, मग धमकीवर आला. "कम्प्लेंट करा ना. १९८८च्या कायद्याचं कलम ५२ माहीत आहे का? आरटीओ तुमचीच गाडी उचलून नेईल." मी खरंच घाबरलो, दहा दिवस गप्प बसलो. वकील असलेल्या मावसभावाने डोळे उघडले: "दादा, ते कलम गाडीत काय बदल चालतो याचं आहे. खोटा माल विकायचा परवाना नाही त्यात. तू कंपनीच्या स्प्रिंगा परत बसव आणि त्याला सोडू नको." बिल मागितल्यावर दुकानाने मागाहून जे व्हॉट्सॲपवर पाठवलं, त्यावरचा पंधरा अक्षरी जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून पाहिला. नोंदणी रद्द झालेली निघाली. पैसे देण्याआधी हे पाहिलं असतं तर तिथूनच परत फिरलो असतो.

आता नोटीस गेली आहे, पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८खाली फसवणुकीचा अर्ज दिला आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल आहे. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तिथे फी लागत नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. सुरुवातीला कुठे जावं कळत नसेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोला. यूपीआयची नोंद, फोनमधले जुने फोटो आणि कापलेल्या स्प्रिंगा हे माझे पुरावे आहेत. काकांनी खरवडलं तेवढं सोडून बाकीचा रंग न काढता त्या मी तशाच ठेवल्या आहेत. गाडीला शोरूममधून कंपनीच्याच नव्या स्प्रिंगा बसवल्या. ती पुन्हा उंच दिसते, आणि आई मागे बसली की मला शांत वाटतं.

एक गोष्ट मात्र स्वस्थ बसू देत नाही. माळ्यावरचं ते पुडकं मी उघडलं, "तुमच्या जुन्या स्प्रिंगा" म्हणून दिलेलं. पुढच्या दोन माझ्याच आहेत. मागच्या दोन माझ्या नाहीत. त्या कुणाच्या तरी अशाच गाडीच्या आहेत, अख्ख्या, न कापलेल्या. म्हणजे नागपुरात आणखी कुणीतरी त्या दुकानातून गाडी खाली करून घेतली आहे आणि त्याच्या गाडीखाली काय आहे हे त्याला ठाऊक नाही. या दोन स्प्रिंगांवर एक पांढरा पट्टा आणि त्याला लागून दोन हिरवे आहेत, खालच्या वेढ्यावर थोडा गंज आहे. तुमच्या जुन्या फोटोंत असे पट्टे दिसले तर आज गाडी चालवू नका. जॅक लावा, मागचं चाक लटकू द्या, आणि स्प्रिंग हाताने फिरते का बघा. तुमच्या स्प्रिंगा माझ्याकडे सांभाळून ठेवल्या आहेत, येऊन घेऊन जा.