अनरिस्टोर्ड एमजीबी की टीआर ६, पैसे नक्की कशाचे देताय ते आधी बघा

तुम्ही इंग्लंडात राहताय, थोडे पैसे बाजूला पडलेत आणि जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घ्यायचीय, पण कोणीतरी चकाचक करून विकायला ठेवलेली नको, फॅक्टरीतून आली तशीच, कधी उघडून न बघितलेली हवी. मग फिरून फिरून दोन नावं समोर येतात, एमजीबी रोडस्टर (म्हणजे उघड्या छताची) आणि ट्रायम्फ टीआर ६. माझं मत आधीच सांगतो, पहिलीच गाडी असेल तर एमजीबी घ्या. पण सगळ्यांसाठी हेच उत्तर नाही, कारण एकीची किंमत पत्र्यात असते आणि दुसरीची चासी नंबरात.

एमजीबी १९६२ ते १९८० अ‍ॅबिंग्डनला बनली, तिची पक्क्या छपराची जीटी वगैरे भावंडं धरून ५ लाखांच्या वर गाड्या निघाल्या. इंजिन १७९८ सीसीचं बी-सिरीज, म्हणजे आपल्या अँबेसडरच्या १४८९ सीसीवाल्या इंजिनाच्याच घराण्यातलं, ज्यांच्या घरी अँबी होती त्यांना बॉनेट उघडल्यावर ओळखीचं कोणीतरी भेटल्यासारखं वाटेल. पार्ट सगळे मिळतात, अगदी अख्खं बॉडीशेल मूळच्या साच्यांवर नवीन बनवून मिळतं. त्यामुळे 'दुर्मिळ आहे हो' म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका. इथे तुम्ही विकत घेताय पत्रा, बाकी काही नाही.

कारण या गाडीला खाली वेगळी चासी, म्हणजे सांगाडा, नाही, सगळा भार बॉडीच पेलते आणि त्यातला मोठा वाटा दाराखालच्या सिलचा. सिल म्हणजे एकात एक पत्रे जोडलेला डबा, तो आतून सडतो आणि बाहेरून छान दिसतो. मी १९७२ची घेतली तेव्हा खाली ताजं काळं अंडरसील, म्हणजे गंज रोखायचा जाड लेप, मारलेलं होतं, मला वाटलं काळजी घेतलीय, घरी आणून स्क्रूड्रायव्हर टेकवला तर सरळ आत गेला, जुन्या कुजलेल्या सिलवर नुसतं नवीन झाकण वेल्ड केलं होतं. म्हणून आता सांगतो, दार जिथे संपतं तिथे खाली विंग (चाकावरचा बाजूचा पत्रा) आणि सिलमधली सांध्याची उभी रेघ दिसते का बघा, पुट्टीने बुजलेली असेल तर सावध व्हा. दाराची फट वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर गाडी मधून खचलीय. दार उघडं ठेवून जॅक लावा आणि मग ते नीट बंद होतं का ते बघा. फ्रिजवरचं साधं मॅग्नेट रुमालात गुंडाळून न्या, सिल-विंगवर जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी. सीटमागचे बॅटरीचे खण उघडून बघायलाही विसरू नका. १९७४च्या शेवटापासून काळे रबर बंपर आले, गाडी उंचही झाली, त्यामुळे क्रोम बंपरवालीला भाव जास्त, पण खणखणीत पत्र्याची रबरवाली ही सडक्या क्रोमवालीपेक्षा कधीही चांगली.

टीआर ६चं गणित उलटं आहे. हिला वेगळी चासी आहे, आपल्याकडे मद्रासला बनायची त्या स्टँडर्ड हेराल्डसारखी, त्यामुळे बॉडी उचलून खालचं काम करता येतं, पण मागची चाकं धरणाऱ्या ट्रेलिंग आर्मच्या जोडांपाशी चासी सडली असेल तर बहुतेकदा बॉडी उचलावी लागते आणि खर्च तिथेच हाताबाहेर जातो. मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलचे माउंटही तडकतात, क्लच सोडताना मागून धप्प आवाज आला तर समजा. आणि एक टेस्ट चुकवू नका, इंजिन बंद असताना एकाला क्लच दाबायला सांगून तुम्ही इंजिनाच्या पुढच्या टोकाची क्रँक पुली (पट्टा फिरवणारं चाक) बघा, ती पुढेमागे सरकताना दिसली तर क्रँकला पुढेमागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर गेलेत, पुढे ब्लॉकलाच खर्च येऊ शकतो.

पण हिचा खरा भाव चासी नंबरात. १९६८ ते १९७६ मध्ये ९० हजारांच्या वर गाड्या बनल्या, बहुतेक अमेरिकेत गेल्या, ब्रिटनमध्ये आठ-साडेआठ हजारच विकल्या गेल्या. ब्रिटनवाल्या २४९८ सीसी सहा सिलिंडरला लुकास कंपनीचं पेट्रोल इंजेक्शन, सुरुवातीला १५० हॉर्सपॉवर, १९७३च्या मॉडेलपासून १२५. त्यांचा चासी नंबर सीपी किंवा सीआरने सुरू होतो. सीसी किंवा सीएफ असेल तर ती मूळची अमेरिकेची कार्ब्युरेटरवाली, स्टीअरिंग उजवीकडे असेल तर ते नंतर आणलेलं. वाईट नाही ती, अमेरिकेतल्या कोरड्या हवेच्या राज्यातली असेल तर पत्रा उलट चांगलाच असतो, फक्त इंजेक्शनवालीचा भाव तिला देऊ नका. मूळ सीपी गाडी, तिचंच इंजिन, तिचंच इंजेक्शन, असं सगळं जुळत असेल तर मात्र थोडं जास्त द्यायला माझी हरकत नाही, ते नंतर विकत मिळत नाही.

आता किंमत कशी काढायची. आकडे नुसते उदाहरणाचे आहेत हां, तशीच नीट केलेली गाडी १८ हजार पौंडांना जात असेल, त्यातून वेल्डिंगचे ६, रंगाचे ४, इंजिन-ब्रेकचे २ आणि अचानक निघणाऱ्या कामांचे २ वजा करा, उरले ४ हजार, तेवढेच द्या. विकणारा ९ मागत असेल तर चहा पिऊन परत या. हे गणित उभ्या राहून सडलेल्या गाडीला लावायचं. जी अनरिस्टोर्ड आहे पण दरवर्षी चालत होती, रंग विटलेला पण मूळचा, पत्रा घट्ट, तिला हे लावू नका, ती रिस्टोअर करायचीच नसते, तिला जवळजवळ पूर्ण किंमत द्यावी लागते आणि ती देण्यासारखी असते.

कागद बघताना गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मागवा, मूळ रंग, इंजिन नंबर, गाडी कुठे पाठवली होती हे त्यात कळतं, दोन्ही गाड्यांचं मिळतं. सरकारी साइटवर नंबर प्लेटचा नंबर टाकून जुन्या एमओटीची, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीची, हिस्टरी फुकट दिसते, 'गंज' शब्द किती वर्षं येतोय ते तिथे वाचा. चाळीस वर्षांवरच्या गाडीला सहसा एमओटी लागत नाही म्हणून विकणारे टाळतात, तरी गाडी चालती असेल तर तुमच्या खर्चाने करून घ्यायची तयारी दाखवा, आणि त्यालाही तो नाही म्हणाला तर त्या गाडीचा नाद सोडून पुढची बघायला लागा.