६४ रंगांची गाडी, आठ महिन्यांनंतर

इलेक्ट्रिक गाडी घेऊन आठ महिने झाले. रेंज, चार्जिंग, बॅटरी यावर लोक भरपूर लिहितात म्हणून ते सगळं सोडून मी फक्त आतल्या लाइटबद्दल लिहिणारे, अँबियंट लाइटिंग म्हणतात ना ती, डॅशबोर्डवरून निघून दोन्ही दारांपर्यंत जाणारी रंगीत पट्टी. हसू नका. गाडी घेताना मीही हसलोच होतो, सेल्समन हौसेने एकेक रंग दाखवतोय आणि मी मनात म्हणतोय, अरे बाबा डिकी उघडून दाखव आधी. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाव आलं की मुद्दा राहतो बाजूला आणि कुठली कंपनी भारी यावर जुंपते.

पहिला महिना सरळ सांगतो, मजा आली. कंपनीकडूनच निळा रंग सेट होऊन आला होता तोच ठेवला, रात्री गाडीत बसलं की एकदम विमानात बसल्यासारखं. आणि एक गोष्ट आधी लक्षात आली नव्हती, इंजिनाचा आवाज नाही, थरथर नाही, त्यामुळे गाडी चालू झालीय की नाही हेच कळत नाही सुरुवातीला. माझ्या गाडीत बटण दाबून गाडी रेडी झाली की पट्टीवर मधून दोन्ही बाजूंना एक लाट जाते. दोन आठवड्यांत इतकी सवय झाली की मी स्क्रीनवर 'रेडी' शब्द वाचणंच सोडलं. जुन्या गाडीत जे काम कान करायचे ते आता डोळे करतात, एवढाच फरक. डॅशबोर्डवर तसंही आता उरलंय काय, दोन काटे आणि दहा बटणं गेली, एक मोठी स्क्रीन आली आणि बाकी सगळं सपाट. इंजिन गेलं तसं कंपन्यांना आपली गाडी वेगळी दाखवायला आतली जागाच उरली, म्हणून सगळे लाइटच्या मागे लागलेत असं माझं मत आहे. टेस्लाने सुद्धा मॉडेल ३ मध्ये २०२३ च्या नव्या रूपात पट्टी घातलीच शेवटी.

तसा हा प्रकार इलेक्ट्रिक गाड्यांचा शोध वगैरे नाही. बीएमडब्ल्यूमध्ये जुन्या काळी गिअरच्या आसपास वरून अगदी मंद नारिंगी उजेड पडायचा, ६४ रंग मर्सिडीजच्या २०१६ च्या ई क्लासमध्ये होते. आणि निळा एलईडी नसता तर हे जमलंच नसतं, लाल, हिरवा आणि निळा मिसळूनच हे सगळे रंग होतात, लाल आणि हिरवा आधीपासून होता, चांगला उजळ निळा ९० च्या दशकात जमला, त्याच्यावर २०१४ चं नोबेल दिलंय. असो.

निळ्याचा त्रास दुसऱ्या महिन्यात कळला, शहराबाहेर अंधाऱ्या रस्त्यावर. दाराच्या पट्टीचं प्रतिबिंब बाजूच्या काचेत पडतं, आणि ते नेमकं तिथे जिथून मी आरसा बघतो. म्हणजे उजव्या आरशात मागून येणाऱ्या गाडीचा दिवा शोधायचा तर आधी निळी रेघ दिसते. समोरच्या काचेतही डॅशबोर्डची पुसट निळी कड. शोरूममध्ये हे कळणं शक्यच नाही, तिथे छतावर शंभर ट्यूबलाइट असतात. कोणी गाडी बघायला जाणार असेल तर रात्री दिवे नसलेल्या रस्त्यावर चालवायला मागा, मिळत नाही बऱ्याचदा पण मागा.

मग वाचायला बसलो. अंधारात बघणाऱ्या ज्या पेशी असतात डोळ्यात त्या निळसर हिरव्या उजेडाने सगळ्यात जास्त दिपतात, साधारण ५०० नॅनोमीटरच्या आसपास, आणि अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्याला २० ते ३० मिनिटं लागतात. लाल उजेड त्यांना जवळपास दिसतच नाही, म्हणून अंधारात काम करायच्या जागी लाल दिवे वापरायची पद्धत आहे. मला वाटलं सापडलं उत्तर! लाल केला, ब्राइटनेस कमी केला, आणि तीन महिने मी लोकांना ज्ञान वाटत हिंडलो.

आता ऐका काय झालं. माझ्या गाडीत अशी सोय आहे की थांबल्यावर कोणी दार उघडायला गेलं आणि मागून सायकल किंवा गाडी येत असली तर त्या दाराची पट्टी लाल होते. मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये असलं काहीतरी आधी आलं, आता साध्या गाड्यांतही दिसायला लागलंय. आई मागे बसली होती, तिने दार उघडायला हात घातला, पट्टी लाल झाली, पण ती आधीपासून लालच होती की! लाल होता तो थोडा जास्त लाल झाला. बीप वाजला, पण गाडीत बीप इतके वाजतात की आई त्याकडे लक्ष देणं केव्हाच सोडून बसलीय. सायकलवाला वळसा घालून गेला आणि जाताना जे बोलला ते बरोबरच बोलला. चूक माझी. पण थोडी बनवणाऱ्याचीही म्हणेन, वॉर्निंगसाठी जो रंग राखून ठेवलाय तोच रंग सजावटीच्या यादीत देतातच कशाला?

त्या दिवशी पिवळसर नारिंगी केला, ब्राइटनेस दहातला दोन, आणि आजपर्यंत तोच आहे. पुढे महिन्याभराने परत तसाच प्रसंग आला, यावेळी रिक्षा होती मागून. नारिंगीतून एकदम लाल, आईचा हात जागेवर थांबला. "हे का रे लाल झालं?" असं तिने विचारलं तेव्हा रिक्षा निघून गेली होती. तिला कोणी शिकवलं नव्हतं, गरजच पडली नाही.

चार्जिंगला मात्र ही पट्टी पैसे वसूल आहे. चार्ज होताना डॅशबोर्डवर डावीकडून हिरवी भरत जाते, समोरच्या काचेतून लांबूनही दिसते, त्यामुळे बाहेर चक्कर मारताना फोन काढून ॲप उघडायला लागत नाही, मान वर केली की कळतं अर्धी झाली का. फोक्सवॅगनच्या आयडी ३ मध्ये काचेखाली अशीच पट्टी आहे, ती वळण कुठल्या बाजूला घ्यायचंय तेही दाखवते, ते माझ्यात असतं तर आवडलं असतं. उलट ह्युंदाईच्या आयोनिक ६ मध्ये वेगाप्रमाणे लाइट बदलायची सोय आहे, तसलाच एक मोड माझ्यातही आहे, एकदा लावला, मागे बसलेल्या मुलीला दहा मिनिटांत मळमळायला लागलं, बंद केला तो कायमचा.

बॅटरी खाते का हे सगळेच विचारतात. नाही खात. सगळी पट्टी मिळून २० वॅट धरा, तासाला २० वॅट-अवर. गाडी किलोमीटरला साधारण १५० वॅट-अवर खाते. म्हणजे तासभर लाइट लावून १३० मीटर रेंज गेली. एसी एवढं काही मिनिटांतच खाऊन टाकतो.

कुरकुरी पण लिहितो. उन्हात उभी असलेली गाडी संध्याकाळी चालू केली की डॅशबोर्डची पट्टी आणि दाराची पट्टी वेगवेगळ्या रंगाच्या दिसतात, डॅशबोर्डवरचा नारिंगी हिरवटाकडे झुकतो. गरम झाल्यावर एलईडीमधला लाल निळ्या-हिरव्यापेक्षा जास्त मंदावतो, महागड्या गाड्यांत ते सांभाळून घेतात, माझ्यात नाही. एसी लावून पंधरा मिनिटांत जुळतं परत. सहाव्या महिन्यात डाव्या दाराच्या पट्टीचा बोटभर तुकडा विझला, वॉरंटीत बदलून दिली, तक्रार नाही, पण नवीन पट्टी बाकीच्यांपेक्षा किंचित उजळ आहे आणि आता मला दर वेळी तेच दिसतं. बायको म्हणते तिला काही फरक दिसत नाही, ती सुखी आहे. ब्राइटनेस कमी असला की फोनच्या व्हिडिओत रेघा पळताना दिसतात, कारण हे दिवे मंद होत नाहीत, भराभर चालू-बंद होऊन मंद भासतात. नुसत्या डोळ्याला काही जाणवत नाही. आणि तो चकचकीत काळा प्लास्टिक, त्याच्यावर तिरका उजेड पडला की मागच्या आठवड्याची सगळी धूळ आणि बोटांचे ठसे हजर.

सगळ्यात मोठी तक्रार मेनूची. ब्राइटनेस बदलायला सेटिंग, त्यात डिस्प्ले, त्यात मूड, त्यात रंग, मग स्लायडर. पाच टप्पे, चालवताना! एक गोल खटका दिला असता तर मी ६० रंग परत केले असते. दोनदा सॉफ्टवेअर अपडेट आला आणि दोन्ही वेळा सेटिंग उडून परत निळा, त्यातला एक रात्री हायवेला लागल्यावर लक्षात आला, गाडी बाजूला घेऊन बदलावा लागला.

सध्या प्रोफाइल एक माझा, नारिंगी दोनवर. प्रोफाइल दोन मुलीचा आहे, जांभळा, फुल्ल, आणि चार्जिंगला थांबलो की तिचाच लागतो, त्याबाबतीत मला कोणी विचारत नाही.