व्हॉल्व्हचा हेडफोन ॲम्प : अकरा महिन्यांचा हिशेब, केबलसकट

गेल्या महिन्यात डावा कान गेला. माझा नव्हे, ॲम्पचा. आधी दोन-तीन दिवस फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज, आणि मग एका रात्री उजव्या कानात तानपुरा, डाव्यात सामसूम. त्या निमित्ताने हे लिहितोय. वस्तू घरी आल्यावर पंधरा दिवसांत कौतुक लिहिणारे पुष्कळ असतात. मीही लिहिलं होतं. कुणी वाचलं असेल तर त्यातला केबलचा परिच्छेद रद्द समजावा.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण विक्रेत्याशी पत्रव्यवहार अजून चालू आहे. चिनी बनावटीचा ओटीएल, म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेला. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असायची ती काचेची निर्वात नळी, हिलाच ट्यूबही म्हणतात. पुढे ६एसएन७ नावाचा एक व्हॉल्व्ह, मागे एक ६०८०, आणि पुढच्या व्हॉल्व्हच्या बुडाशी निळा एलईडी. हो, निळा. व्हॉल्व्ह स्वतः मंद नारिंगी तापतो, त्याच्या खालून ह्या लोकांनी एटीएमच्या पाटीसारखा उजेड सोडलाय. अठ्ठावीस हजार मोजून आणलेल्या वस्तूकडे रात्री दिवा मालवून बघावं तर खोलीभर शवागाराचा प्रकाश. पहिल्या आठवड्यात काळी चिकटपट्टी लावली. ॲम्प तापला की ती सुटायची. अकरा महिन्यांत किती पट्ट्या झाल्या ते मोजलं नाही, पण एक रीळ संपलं.

हेडफोन सेनहायझर एचडी ६००, ३०० ओम रोधाचा. ओटीएलला हीच जात मानवते. बत्तीस ओमचे हेडफोन लावून ‘बास येत नाही’ म्हणणाऱ्यांनी आउटपुटचा कपॅसिटर बघावा. १०० मायक्रोफॅरडवर ३०० ओमला खालच्या स्वरांची सीमा ५ हर्ट्झच्या आसपास येते, तीच ३२ ओमला ५० हर्ट्झवर जाते. शिवाय आवाज दबतो तो वेगळाच. त्यात ॲम्पचा दोष नाही, जोडी चुकलेली असते.

आता केबल. ॲम्प आला त्या दिवसापासून त्यात बारीक घूं होती. गाणं सुरू असताना ऐकू यायची नाही, पण आलापीत दोन स्वरांमधल्या शांततेत यायचीच. ज्याला विचारावं तो म्हणे केबल बदल. महिनाभर मन आवरलं आणि शेवटी ४,२०० रुपयांची आरसीए केबल, म्हणजे ॲम्पमध्ये आवाज आणणारी केबल, मागवली. दीड मीटर, जाडजूड, वर विणलेला पायमोजा, आणि आवाजाने कोणत्या दिशेने जायचं ते सांगणारे बाण. लावली, ऐकलं, आणि ‘पडदा दूर झाला’ असं लिहून मोकळा झालो.

पडदा खरंच दूर झाला होता. पण जुनी केबल काढताना मी सॉकेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले होते आणि प्लग घट्ट बसवले होते. चार महिन्यांनी जुनी फुकटची केबल त्याच पुसलेल्या सॉकेटांत लावून बघितली. पडदा होता तसाच दूर. घूं मात्र कमी झाली! स्वस्त केबलवर कमी, महाग केबलवर जास्त. तीनदा आलटून-पालटून बघितलं. बायकोला न सांगता तिच्याही कानाला लावलं. ती म्हणाली, “पहिलीत फ्रीज कमी वाजतोय.” पहिली म्हणजे फुकटची.

मग बाणवालीचा प्लग उघडला. आत दोन बारीक तारा आणि भोवती शील्ड, म्हणजे तारांवरचं धातूचं आवरण, पण शील्ड एकाच टोकाला जोडलेली. बाणाचा अर्थ तेवढाच. म्हणजे परतीचा रस्ता एका बारीक तारेवरून. माझ्या टेबलावर लॅपटॉपचा चार्जर तीन पिनांचा, ॲम्पही तीन पिनांचा, मध्ये यूएसबीवर चालणारा डॅक, म्हणजे लॅपटॉपमधल्या आकड्यांचा आवाज करणारी डबी. अर्थिंगचं वर्तुळ पूर्ण होतं आणि त्यातून फिरणारा करंट ह्याच परतीच्या तारेतून जातो. तार जितकी बारीक तितका तिचा रोध जास्त, आणि तितकी घूं जास्त. चार्जर उपटला की घूं गायब. ही परीक्षा फुकट आहे आणि दहा सेकंदांत होते. ४,२०० खर्च करायच्या आधी मला कुणी सांगितली असती तर त्याला बेडेकरांकडे मिसळ खाऊ घातली असती.

तेव्हा ‘केबलने काही फरक पडत नाही’ असंही मी म्हणणार नाही. सहा महिन्यांपूर्वी तावातावाने म्हणत होतो. पडतो, पण ज्याची जाहिरात होते तो नाही. दीड मीटर केबलची कपॅसिटन्स धरा दीडशे पिकोफॅरड, डॅकचा आउटपुट रोध शंभर ओम. ह्या जोडीने आवाज वरून कापला जायला दहा मेगाहर्ट्झच्या वर जावं लागतं. तिथे वटवाघूळही पोचत नाही. फरक पडतो शील्डच्या जाडीने आणि ती दोन्ही टोकांना जोडलेली असण्याने. पुण्यात पासोड्या विठोबाजवळून जाळीच्या शील्डची वायर मीटरच्या मापाने घेतली आणि चार प्लग घेतले, सगळे मिळून ३४० रुपये. घरी सोल्डरचे डाग दिले, त्यातला एक दोनदा द्यावा लागला. चार्जर आणि ॲम्प एकाच एक्स्टेन्शन बोर्डात लावले, त्यामुळे वर्तुळ लहान झालं. आता घूं शोधावी लागते. अर्थची पिन कापायचा सल्लाही मला एकाने दिला होता. कृपा करून कापू नका. आत दोनशे व्होल्टच्या आसपास डीसी आहे आणि वरचा डबा लोखंडाचा.

हेडफोनच्या केबलवर फार लिहीत नाही. चांदी तांब्यापेक्षा सहा टक्क्यांनी चांगली वाहक आहे. ॲम्पचा स्वतःचा रोध शंभरेक ओम, हेडफोनचा तीनशे, आणि अख्ख्या केबलचा धड एक ओमही नाही. त्यातले सहा टक्के. पावसाळ्यात एचडी ६००च्या केबलच्या बारीक पिना काळवंडल्या आणि एक बाजू मधूनमधून जायला लागली, तेव्हा त्या पुसल्या. अपग्रेड संपलं.

व्हॉल्व्ह बदलणं मात्र मजेचं आहे आणि त्याबद्दल माझं मत दोनदा बदललं. आधी वाटलं थोतांड. मग जुना सोव्हिएत ६एन८एस मिळाला. हा ६एसएन७चाच तिकडचा भाऊ. मूळच्या चिनी व्हॉल्व्हला टिचकी मारली की कानात टिंग वाजायचं, टेबलावर कप ठेवला तरी वाजायचं. सोव्हिएत व्हॉल्व्हमध्ये ते जवळजवळ नाही. एवढ्यावर तो मला पटला. ‘मधुर’, ‘दाट’ वगैरे शब्द मी वापरणार नाही, ते मागच्या वेळी वापरून झाले. हा तोच व्हॉल्व्ह आहे जो एनिॲक संगणकाच्या मोजणी करणाऱ्या भागात बसवला होता. १९४६ सालचा संगणक चालवणाऱ्या वस्तूत आपण भैरवी ऐकतो ह्याची गंमत मला अजून वाटते.

त्या उत्साहात मागचाही बदलला. लेनिनग्राडच्या स्वेतलाना कारखान्याचा, पंख लावलेलं सी अक्षर असलेला ६एन१३एस, ६०८०च्या जागी चालणारा. दिसतो देखणा. आवाजात मला काडीचाही फरक कळला नाही. कळावा तरी का? हा व्हॉल्व्ह मुळात वीजपुरवठ्याचा दाब स्थिर राखायला घडवलेला. इथे तो आवाज वाढवत नाही, नुसता ओझं उचलतो. हमालाचा सदरा बदलून पोत्यातला तांदूळ बदलत नाही.

आणि ज्याला सगळे ‘व्हॉल्व्हचा ऊबदारपणा’ म्हणतात, त्याचा बराचसा भाग गणिताचा आहे. एचडी ६००चा रोध सगळीकडे ३०० नसतो, शंभर हर्ट्झच्या आसपास तो पाचशेच्या वर जातो. ॲम्पचा रोध शंभर असला की तिथे साधारण एक डेसिबल आपोआप चढतो. नेमका डग्ग्याचा घुमारा जिथे असतो तिथे. मला हे कळल्यावर वाईट वाटेल असं वाटलं होतं. उलट आता तो जास्तच आवडतो.

तर, डावा कान. विक्रेत्याला मेल केली. तिसऱ्या दिवशी उत्तर: आपण मूळ ट्यूब बदलल्यामुळे वॉरंटी लागू होत नाही. मी त्यांच्याच जाहिरातीतलं वाक्य चिकटवून पाठवलं, ज्यात ‘वेगवेगळ्या ट्यूब लावून आवाजाचा आनंद घ्या’ असं ठळक अक्षरांत आहे. उत्तर: आनंद घेता येईल, वॉरंटी मिळणार नाही. मी आणखी सहा मेल केल्या. उत्तरांची भाषा इतकी नम्र होती की भांडायलाही काही धरून मिळेना.

शेवटी पेठेतल्या एका जुन्या रेडिओवाल्या काकांकडे नेला. त्यांच्या कपाटात अजून बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह खोक्यांत रचून ठेवलेत. “ईएल८४ व्हॉल्व्ह मागा, आत्ता देतो. तुमच्या ह्या आठ पायांच्या पैलवानाचं मात्र माझ्याकडे काही नाही.” ॲम्प उलटा केला, मागची पाटी वाचली, २२० व्होल्ट, आणि म्हणाले, “हा राहू दे इथे. तुम्ही घरी जा आणि ज्या वेळी ऐकता त्या वेळी भिंतीत किती येतंय ते मोजून सांगा.”

मी ऐकतो रात्री साडेअकराला. मोजलं, २४६. दुपारी त्याच सॉकेटमध्ये २२९.

काकांनी पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. व्हॉल्व्हच्या फिलामेंटला, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेला, २२०वर ६.३ व्होल्ट मिळायला हवेत, तर २४६वर ७.०४. फिलामेंटला दहा टक्के वर-खाली चालतं, म्हणजे ६.९३पर्यंत. आपण रोज रात्री त्याच्याही वर. आणि रेझिस्टरमध्ये उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, म्हणजे सव्वापट. ६०८०च्या खालचा पाच वॉटचा सिरॅमिक रेझिस्टर बोर्डाला चिकटून बसवलेला. अकरा महिने भाजून त्याच्याखालचा डाग तडकला होता. बोर्ड तिथे तपकिरी, पोळीला पडतो तसा. म्हणजे मी कानाला ऐकू न येणाऱ्या केबलवर पैसे उधळत होतो आणि भिंतीतून येणारे सव्वीस जादा व्होल्ट निमूट आत घेत होतो.

उपाय त्यांचाच. दोन्ही बाजूंचे रेझिस्टर काढून दहा वॉटचे बसवले, बोर्डापासून अर्धा इंच उचलून. आणि एक साधा १२-०-१२चा, म्हणजे १२ किंवा २४ व्होल्ट देणारा, ट्रान्सफॉर्मर घेऊन त्याची सेकंडरी (कमी व्होल्टची बाजू) लाईनला उलटी जोडली. रात्री पूर्ण २४ वजा करायचे, दिवसा निम्मे, त्यासाठी एक बटण. २४६ची झाली २२०, फिलामेंटवर ६.३ आले. डबा, फ्यूज, मजुरी धरून ९५० रुपये. हे घरी करून बघू नका. तारा उलट्या लागल्या तर वजा व्हायच्या ऐवजी मिळवले जातात आणि २७०च्या पुढे जातं. माहीतगाराकडूनच करून घ्या. ज्यांच्या यंत्रावर २३० किंवा २४० व्होल्ट निवडायचं टॅपिंग आहे त्यांना ह्याची गरजच नाही, फक्त ते योग्य जागी आहे का ते बघा.

आवाज बदलला का? नाही. पूर्वी तासाभराने वरच्या पत्र्यावर बोट टेकवत नव्हतं, आता टेकवतं. ह्या अख्ख्या प्रकरणातलं मला पटलेलं अपग्रेड ते हेच, आणि कानाने ते कळत नाही. उन्हाळ्यात मात्र कुठलाही उपाय चालत नाही. दोन व्हॉल्व्हची फिलामेंटंच जवळजवळ वीस वॉट खातात, एकूण मीटरवर ४८. मे महिन्यात मी सरळ फोनला इअरफोन लावून ऐकतो.

पहिलं मिनिटभर हेडफोन काढून ठेवायचे, व्हॉल्व्ह तापू द्यायचे आणि मग लावायचे, ही सवय माहिती पुस्तिकेत नाही. चालू करताना जो धप्प आवाज येतो तो हेडफोनच्या अंगावर घ्यायचं कारण नाही.

हो, एलईडी. ॲम्प उघडा होता तेव्हाच काकांना म्हटलं, हा निळा दिवा. त्यांनी विचारलं, “कापू?” मी हो म्हणायच्या आत कट् झालं होतं. त्या रात्री अकरा महिन्यांत पहिल्यांदा अंधारात व्हॉल्व्ह व्हॉल्व्हसारखा दिसला. एक तास नुसता बघत बसलो, गाणंही लावलं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की यंत्र चालू आहे हे सांगणारा दुसरा दिवाच त्यात नाही. सकाळच्या उन्हात फिलामेंट दिसत नाही. एकदा रात्री अकरापासून दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत चालू राहिला. अर्धा युनिट वीज, आणि सोव्हिएत व्हॉल्व्हचे अकरा तास. परत काकांकडे गेलो. त्यांनी काही न बोलता मागच्या बाजूला बारीक लाल दिवा बसवून दिला. वीस रुपये.

काल विक्रेत्याचं नवं उत्तर आलंय. खास बाब म्हणून ते वॉरंटीचा फेरविचार करायला तयार आहेत. त्यासाठी ॲम्प चालू असल्याचा एक फोटो हवाय, निळा दिवा स्पष्ट दिसेल असा.