केआय-६७ करायचं असेल तर ही लॅब चांगली, फक्त घाईत जाऊ नका

मावशीच्या छातीतली गाठ काढली, पहिला रिपोर्ट आला त्यात केआय-६७ (कॅन्सरच्या गाठीतल्या किती टक्के पेशी वाढायच्या चक्रात आहेत ते सांगणारी तपासणी) समोर नुसतं "१५ ते २०%" लिहिलेलं, किती पेशी मोजल्या, कोणत्या भागातल्या, कायच नाही. गाठ हार्मोन पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणारी) आणि हर-२ निगेटिव्ह (हर-२ नावाचं प्रोटीन जास्त नसलेली) असल्यावर किमो द्यायची का नाही हे ठरवताना हा आकडा बघतात, आणि ५% किंवा कमी नाहीतर ३०% किंवा जास्त असला तरच त्यावर पक्का भरवसा ठेवता येतो, मधल्या पट्ट्यात लॅबगणिक फरक पडतो असं आमचे कॅन्सरवाले डॉक्टर म्हणले. मग ब्लॉक (गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवलेला असतो तो) घेऊन गेवराईहून संभाजीनगरला या लॅबमधी आलो.

इथल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमला पैकीच्या पैकी मार्क. रिपोर्ट हातात देऊन वाटेला लावलं नाही, मावशीला म्हणल्या "या ताई, तुम्हीच बघा" अन् दोघांना बघता येईल अशा मायक्रोस्कोपला बसवलं. ज्या पेशी वाढायच्या चक्रात आहेत त्यांचं केंद्रक तपकिरी दिसतं, ज्या शांत बसल्यात त्यांचं निळं. मधेमधे बारीक गोल तपकिरी दाणे पण होते, मी म्हणलं हे लई आहेत की, तर त्या पांढऱ्या पेशी निघाल्या, गाठीच्या नाहीत, त्या मोजायच्याच नसतात, आणि कोणी घाईत मोजल्या तर आकडा उगीच फुगतो. स्टेन म्हणजे रंग नीट चढला का हे कळावं म्हणून त्याच काचेवर टॉन्सिलचा तुकडा लावलेला, तो पण दाखवला. रिपोर्टात केआय-६७ रंगवायला एमआयबी-१ अँटीबॉडी वापरली, १००० पेशी मोजल्या, गाठीच्या वेगवेगळ्या भागातल्या घेतल्या, सगळं लिहून दिलंय. आकडा १८% आला, म्हणजे मधल्याच पट्ट्यात, पण आता तो कसा आला हे डॉक्टरांना कळलं आणि ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते), गाठीचा साईज, काखेतल्या गाठी सगळं सोबत धरून ते बोलायला लागले, आमच्यासाठी हीच लई मोठी गोष्ट झाली.

एक स्टार काऊंटरमुळं कापला. सांगितलेल्या दिवशी रिपोर्ट नाही, फोन केला की "होईल, होईल" एवढंच, बाहेरगावच्या माणसानं किती हेलपाटे घालायचे? लिफ्ट पण बंद, मावशी जिना चढून दमली.

ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय त्यांनी गाठ काढल्यावर डबीत फॉर्मलिन (तुकडा खराब होऊ नये म्हणून टाकतात ते द्रावण) भरपूर टाकलंय का ते सर्जनला आधीच विचारा, तुकड्याच्या निदान दहापट तरी पाहिजे आणि तुकडा लगेच त्यात गेला पाहिजे, मॅडम म्हणल्या तिथंच बिघडलं तर पुढं कितीबी भारी लॅब असू द्या, स्टेन नीट येत नाही. आणि इथं येताना नुसत्या काचा आणू नका, मेणाचा ब्लॉकच आणा, काम झालं की तो परत मागून घ्या अन् पावतीवरचा नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी जुळतो का ते काऊंटरवरच बघून घ्या.