कार्ब्युरेटरच्या ओ-रिंग: नायट्राइल घ्यावी की व्हायटॉन?

एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 हे प्रदूषणाचे नियम आले आणि नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, जवळजवळ गेलाच. पण जुन्या स्प्लेंडर, पल्सर, आरएक्स 100 अजून रोज पळतात, आणि आता त्यांच्या टाकीत 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल पडतंय. फ्लोट बाउल, म्हणजे कार्ब्युरेटरखालची पेट्रोलची वाटी, तिच्या कडेच्या रबरी गोल रिंगेतून (ओ-रिंग) गळायला लागली की कुठली रिंग घ्यावी हा प्रश्न येतोच.

नायट्राइल हे नेहमीचं कृत्रिम रबर, स्वस्त, लवचीक, कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळणारं. साध्या पेट्रोलमध्ये त्याने वर्षानुवर्षं काम केलंय. इथेनॉलने मात्र ते जास्त फुगतं. बाउल उघडून रिंग काढली की ती परत खाचेत बसत नाही, दोन्ही टोकांना बाहेर डोकावते. उलट गाडी महिनोन्‌महिने उभी राहून पेट्रोल उडालं की तीच रिंग आक्रसते, कडक होते, आणि पहिल्या किकला बाउलखालून थेंब टपकू लागतात.

व्हायटॉन, म्हणजे फ्लोरोकार्बन रबर, पेट्रोल-इथेनॉलमध्ये फार कमी फुगतं आणि 200 अंशांपर्यंत टिकतं. किंमत कित्येक पट. कडाक्याच्या थंडीत ताठरतं, पण ती काळजी लडाखवाल्यांनी करावी.

रंगावर जाऊ नका. व्हायटॉन तपकिरी, हिरवं तसंच काळंही येतं. त्याच मापाची नायट्राइल रिंग शेजारी ठेवून तोला, व्हायटॉन स्पष्ट जड भरतं.

माझं मत: बाउलची रिंग, ड्रेन स्क्रूची (बाउलमधलं पेट्रोल काढायचा स्क्रू) रिंग आणि फ्लोट नीडलचं (बाउलमध्ये येणारं पेट्रोल थांबवणारी सुई) टोक, तिन्ही व्हायटॉनचेच. गाडी रोज चालत असेल आणि खिसा हलका असेल, तर बाउलला चांगलं नायट्राइलही चालेल. सिलिकॉन मात्र पेट्रोलजवळ नकोच.